अंधार पडल्यावर व्हीलचेअर रस्त्यावर नेताना: दिवे आणि रेडियम कसे लावावेत

व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम चार फुटांवर असतात, म्हणजे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीच्या टपाच्याही खाली. त्यात आपल्याकडच्या बहुतेक व्हीलचेअरचे रेक्झिन काळे, टायर काळे, आणि दुकानातून घरी येते तेव्हा तिच्यावर दिवा सोडाच, साध्या सायकलीला असतो तेवढा परावर्तकही नसतो. पुण्यात डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून परतणारा, दवाखान्याची संध्याकाळची वेळ गाठणारा किंवा नुसता भाजी आणायला निघालेला माणूस त्या दिवसांत अंधारातच बाहेर असतो. पदपथ बऱ्याचदा उभ्या दुचाकींनी, खोदलेल्या चराने किंवा फूटभर उंच कडेने अडलेला असतो आणि व्हीलचेअरला वाहनांच्या रस्त्यावर उतरण्यावाचून इलाज उरत नाही. तो पदपथ केव्हा मोकळा होईल हे आपल्या हाती नाही, पण आपण लांबून दिसावे एवढी व्यवस्था थोड्या खर्चात आणि एका सुट्टीच्या दिवसात होऊ शकते. ती कोणत्या क्रमाने करावी, हे नव्याने व्हीलचेअर वापरू लागलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी येथे मांडले आहे.

आधी अंतराचा हिशेब

ताशी ४० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा हात ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी थांबायला बारा-तेरा मीटर लागतात, म्हणजे एकूण मामला तीस मीटरच्या आसपास जातो. वेग ६० असेल तर हेच अंतर पन्नास मीटरच्या पुढे जाते आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. डिप्परवर चालणाऱ्या दिव्यात गडद कपड्यांतला, खाली बसलेला माणूस तीस मीटरवरून नीट दिसेलच असे नाही, आणि समोरून कोणी अप्पर मारत आले तर तेवढीही आशा नको. त्यामुळे डोक्यात लक्ष्य असे धरावे की आपण पन्नास मीटरवरून ओळखू आलोच पाहिजे, शंभरावरून आलो तर उत्तम.

नवखा माणूस येथे एक हमखास चूक करतो: तो एक दणकट टॉर्च विकत आणतो आणि काम झाले असे समजतो. टॉर्चने आपल्याला रस्ता दिसतो. मागून येणाऱ्या टेम्पोला त्याचा काडीचा उपयोग नसतो. स्वतः दिसणे आणि स्वतःला दिसणे ही दोन निराळी कामे आहेत आणि पहिले काम आधी करायचे आहे.

पहिली पायरी: रेडियम

परावर्तक पट्टीला आपल्याकडे सगळेच रेडियम म्हणतात, मग तिच्यात रेडियम या मूलद्रव्याचा अंशही नसला तरी. दुकानात मात्र या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात, आणि त्यांतली एकच आपल्या उपयोगाची आहे. पहिली अंधारात मंद हिरवट चमकणारी पट्टी, जी थोड्या वेळात विझत जाते. दुसरी नंबरप्लेटवर नक्षी कापायला वापरतात तो नुसता रंगीत, चकचकीत कागद. आणि तिसरी, आपल्याला हवी असलेली, जी तिच्यावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता आला त्याच दिशेने परत पाठवते. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना साखर कारखाने लावतात ते परावर्तक याच तत्त्वावर चालतात. खरी पट्टी ओळखायची असेल तर दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून तो कानशिलाजवळ, डोळ्याच्या अगदी बाजूला धरावा आणि चार-पाच पावलांवरून पट्टीकडे पाहावे. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते. टॉर्च हातभर दूर धरला तर तीच पट्टी मलूल वाटते, कारण परतणारा प्रकाश डोळ्याकडे न येता टॉर्चकडे जातो, आणि या घोटाळ्यात कित्येक जण चांगली पट्टी नाकारून भलतीच घेऊन येतात. मालवाहू वाहनांसाठीची, एआयएस ०९० अशी खूण असलेली पट्टी मिळाली तर तीच घ्यावी. मोटारीचे सुटे भाग किंवा रेडियमचे काम करणाऱ्यांकडे ती मीटरवर मिळते.

रंगांचा नियम मालवाहू वाहनांचाच पाळावा: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मागच्या बाजूला पाठीच्या दोन्ही उभ्या नळ्यांवर लाल पट्टी लावली की आपली रुंदीही कळते. पुढे फूटरेस्टच्या नळ्यांवर पांढरी लावावी. बाजूंसाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे मोठे चाक. रिमवर थोड्याथोड्या अंतराने लहान तुकडे चिकटवले तर चाक फिरताना ते चमचमतात, आणि फिरणाऱ्या वस्तूकडे नजर स्थिर वस्तूपेक्षा आधी वळते. हाताने ढकलायच्या बाहेरच्या कडीवर मात्र पट्टी कधीही लावू नये, कारण उतारावर आपण तीच कडी तळव्याने दाबून वेग आवरतो. पट्टीची कड तळहाताला कापते आणि सुटली तर हात घसरतो.

चिकटवण्याआधी नळी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करावेत, नाहीतर टोकदार कोपरा कपड्याला अडकून आठवड्यात उलतो. रेक्झिनच्या पाठीवर पट्टी टिकत नाही, कारण खुर्ची घडी करताना रेक्झिन दुमडते. तेथे सुरक्षा जॅकेटला शिवतात ती परावर्तक फीत आणून शिंप्याकडून शिवून घ्यावी.

हे सगळे काम स्वस्त आहे, त्याला चार्जिंग लागत नाही आणि ते कधी विसरता येत नाही, म्हणूनच ते पहिले. पण समोरच्याचा दिवा तिच्यावर पडला तरच पट्टी चमकते. दिवा नसलेला सायकलस्वार, गल्लीतून आडवी येणारी गाडी किंवा उलटी मागे येणारी मोटार यांच्यापुढे ती निरुपयोगी ठरते.

दुसरी पायरी: मागचे लाल दिवे

सायकलीचे यूएसबीवर चार्ज होणारे लाल दिवे व्हीलचेअरला चांगले बसतात. ते दोन घ्यावेत आणि शक्य तितके लांब, खुर्चीच्या दोन्ही कडांना लावावेत. एकटा लाल ठिपका लांबून सायकल वाटतो, त्याचे अंतरही नीट उमगत नाही. दोन ठिपक्यांमधील फट मात्र जवळ येताना वाढत जाते आणि त्यावरून चालकाला नकळत अंतराचा अंदाज येतो. दोन्ही दिवे लुकलुकते ठेवू नयेत. एक संथ लुकलुकणारा आणि एक स्थिर, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते, कारण लुकलुकणारा लक्ष वेधतो आणि स्थिर दिवा जागा दाखवतो.

दिवे कोठे लावायचे, हा प्रश्न दिवे कोणते घ्यायचे यापेक्षा महत्त्वाचा आहे. मी पहिला दिवा मोठ्या हौसेने पाठीच्या मधोमध लावला आणि नेहमीप्रमाणे हँडलना पिशवी अडकवून महिनाभर हिंडलो. एके संध्याकाळी मागून चालत आलेली भाची म्हणाली, “मामा, तुझ्या पिशवीच्या पोटात काहीतरी लाल पेटलंय.” पिशवी, पाठीवर टाकलेली शाल, थंडीतले जॅकेट, पावसाळ्यात खुर्चीसकट आपल्याला झाकणारा रेनकोट, हे सगळे मधला दिवा गिळतात. त्याहून मोठा अडथळा म्हणजे खुर्ची ढकलणारा माणूस, जो हँडलच्या उंचीवरचा कोणताही दिवा मागून येणाऱ्यापासून पूर्णपणे लपवतो. म्हणून कोणी ढकलत असेल तर दिवे खाली आणि बाहेर, मोठ्या चाकाच्या आसाजवळच्या चौकटीवर न्यावेत, आणि ढकलणाऱ्याने रस्त्यावरचे कामगार घालतात तसे परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट अंगावर चढवावे. स्वतःच खुर्ची चालवणाऱ्याने दिवे पाठीच्या नळ्यांवर, पिशवीच्या बाहेर राहतील असे लावावेत.

बसवताना नळी आणि पकड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. व्हीलचेअरची नळी बहुधा २२ ते २५ मिलिमीटर जाडीची असते आणि सायकलच्या हँडलसाठी केलेली पकड तिच्यावर कधीकधी सैल बसते. रबरामुळे दिवा खड्ड्यांत फिरत नाही. बसवून झाल्यावर खुर्ची एकदा घडी करून पाहावी, हातपट्ट्या उचलून पाहाव्यात, चाके काढता येत असतील तर काढून पाहावीत. खुर्चीवरून पलंगावर किंवा रिक्षात सरकताना जेथे मांडी घासते तेथे दिवा नसावा.

समोर लाल दिवा लावू नये आणि मागे पांढरा लावू नये. दिव्याच्या रंगावरूनच लोक ठरवतात की समोरची वस्तू आपल्याकडे येते आहे की आपल्यापासून दूर जाते आहे. लाल-निळे आलटून पालटून चमकणारे दिवे पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्यासारखे दिसतात, ते टाळावेत. चाकांत घालायच्या रंगीत माळा मुलांना फार आवडतात. लावायला हरकत नाही, पण त्या लाल आणि पांढऱ्या दिव्यांव्यतिरिक्त असाव्यात, त्यांच्याऐवजी नव्हेत.

तिसरी पायरी: पुढचा दिवा

पुढचा दिवा कमरेच्या उंचीवर लावावा असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात खड्डे ओळखायला तो खाली, फूटरेस्टच्या नळीवर, जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर असलेला बरा. कारण असे की उंचावरून पडणारा प्रकाश रस्ता सपाट करून दाखवतो, तर खालून तिरका येणारा प्रकाश प्रत्येक खड्ड्याच्या आत काळी सावली उभी करतो. दोन बोटे खोल खड्डाही मग शाई सांडल्यासारखा दिसतो. चेंबरचे बसके झाकण आणि गटाराची जाळी यांची भीती व्हीलचेअरला सायकलीपेक्षा जास्त असते, कारण पुढचे लहान चाक जाळीच्या फटीत अडकले तर खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. दिवा पायांच्या पुढे निघालेला असावा, नाहीतर आपल्याच बुटांची मोठी सावली रस्त्यावर पडते.

प्रकाशाचे माप ल्युमेनमध्ये लिहिलेले असते. नुसते दिसण्यासाठी ५० ते १०० ल्युमेन पुरतात. दिव्यांशिवाय असलेल्या रस्त्यावर स्वतः पाहण्यासाठी २०० ते ४०० पुष्कळ झाले. व्हीलचेअरचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटरच्या आसपास असतो. तेव्हा उजेडाचा पट्टा चार-पाच मीटर पुढे पडेल इतका दिवा खाली झुकवला की वळायला दोन-तीन सेकंद हाताशी राहतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत. कपाळावर बांधायचा दिवा कुलूप उघडताना किंवा चाकात अडकलेली दोरी काढताना उपयोगी पडतो, पण रस्त्यावर तो चालू ठेवला तर ज्याच्याशी बोलाल त्याच्या डोळ्यांत जातो.

पावसाचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. आयपीएक्स ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसणारा दिवा, आणि आयपी ६५ म्हणजे धुळीला आत न घेणारा व पाण्याचा झोत सोसणारा. फूटरेस्टवरच्या दिव्यावर डबक्यातले पाणी थेट उडते, त्यामुळे तेथे दुसऱ्या प्रकारचा घ्यावा आणि चार्जिंगच्या छिद्राचे रबरी झाकण दाबून बसवल्याची प्रत्येक वेळी खात्री करावी.

चौथी पायरी: वीज कोठून घ्यायची

हाताने चालवायच्या खुर्चीला स्वतःची बॅटरी असलेले दिवे सर्वांत सोपे. काही जण एलईडीची पट्टी लावून ती पॉवरबँकला जोडतात. कल्पना चांगली आहे, परंतु अनेक पॉवरबँका फार थोडी वीज खेचली जात असेल तर जोडलेला मोबाइल भरला असे समजून आपोआप बंद होतात. निघताना लागलेला दिवा अर्ध्या मिनिटाने विझतो आणि पाठीमागे असल्याने आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अशी जोडणी करायची असेल तर घरी पंधरा मिनिटे दिवा लावून ठेवून परीक्षा घ्यावी. दिव्यांत बटणाएवढे सेल असतील तर ते लहान मुलांपासून दूर ठेवावेत. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

बॅटरीच्या व्हीलचेअरवर मोह होतो तो तिच्याच बॅटरीतून वीज घेण्याचा. येथे सावध राहावे. या खुर्च्या बहुधा २४ व्होल्टच्या असतात आणि त्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. कोपऱ्यावरचा हुशार इलेक्ट्रिशियन त्यांतल्या एकाच बॅटरीला १२ व्होल्टचा दिवा जोडून देतो आणि दिवा लखलखीत लागतोही. पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरत जाते, चार्जर मात्र दोघींना सारखेच समजून भरतो, आणि काही महिन्यांत महागडी जोडी निकामी होते. वीज घ्यायचीच असेल तर दोन्ही बॅटऱ्यांच्या एकत्रित २४ व्होल्टवरून, व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर घालून आणि बॅटरीच्या अगदी जवळ लहान फ्यूज बसवून घ्यावी. जॉयस्टिकवरील चार्जिंगचे छिद्र दिव्यासाठी वापरू नये. वॉरंटी चालू असेल तर विक्रेत्याला आधी लेखी विचारावे. दिव्यामुळे एका चार्जिंगमध्ये खुर्ची कापते ते अंतर कमी होईल ही भीती मात्र निराधार आहे: ५ वॅटचा दिवा तीन तास लावला तर १५ वॅट-तास खर्च होतात आणि २४ व्होल्ट, ३५ अँपिअर-तासाच्या जोडीत ८४० वॅट-तास असतात.

खुर्चीच्या पुढे विजेच्या मोटरवर फिरणारे चाक जोडून ताशी २५ किलोमीटरपर्यंत नेता येणारी साधने आता मिळतात. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेले निओबोल्ट हे त्यांतले परिचित. अशा वेगाला वर सांगितलेली झुकवलेली दिवटी पुरत नाही, तेथे मुख्य दिवा, इंडिकेटर, हॉर्न आणि आरसा ही दुचाकीची सामग्रीच हवी. ब्रिटनमध्ये रस्त्यावर ताशी ८ मैलांपर्यंत चालणाऱ्या खुर्च्यांना पुढचे-मागचे दिवे, परावर्तक, इंडिकेटर, हॉर्न आणि आरसा असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे वेगवान साधन घेताना ही यादी हातात धरून दुकानात जायला हरकत नाही.

शरीराची काळजी

मणक्याच्या दुखापतीनंतर ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी पॉवरबँक, तारेची जोडणी किंवा दिवा गादीखाली, मांडीखाली अथवा पोटरीला टेकून कधीही ठेवू नये. तापलेली वस्तू किंवा बोटभर जाड गाठ त्यांना जाणवत नाही आणि संध्याकाळच्या एका फेरीत कातडीला जखम होऊ शकते, जी भरून यायला महिने लागतात. पॉवरबँक बाजूच्या कापडी पिशवीत, चौकटीच्या बाहेर असावी.

ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे त्यांनी सेकंदाला तीनहून अधिक वेळा लुकलुकणारे दिवे आपल्या नजरेच्या टप्प्यात लावू नयेत. काचेच्या दुकानासमोरून जाताना मागच्या दिव्याचे प्रतिबिंबही डोळ्यांत येते, म्हणून अशा घरी सर्व दिवे स्थिर ठेवणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी: परीक्षा

सगळे बसवून झाल्यावर एखाद्या शांत रस्त्यावर किंवा सोसायटीच्या लांबलचक आवारात अंधार पडल्यावर परीक्षा घ्यावी. आपण नेहमीच्या वेशात, नेहमीच्या पिशवीसकट आणि ढकलणारा असेल तर त्याच्यासकट खुर्चीवर बसावे. घरातल्या दुसऱ्या कोणी स्कूटर डिप्परवर लावून ३०, ५० आणि १०० मीटरवरून मागून, पुढून आणि बाजूने पाहावे व प्रत्येक ठिकाणाहून मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. त्याला “दिसते का” असे विचारू नये, कारण आपण तेथे आहोत हे त्याला माहीतच असते. “मी कोणत्या दिशेला चाललो आहे आणि माझी डावी कड कोठे संपते” असे विचारावे. उत्तर अडखळले तर बहुधा दिवे फार जवळजवळ लागलेले असतात किंवा बाजूची पिवळी पट्टी राहिलेली असते. हीच परीक्षा रेनकोट चढवून पुन्हा घ्यावी. त्या वेळी जे झाकले जाते त्याची भरपाई रेनकोटवरच परावर्तक फीत शिवून करावी लागते.

रोजची निगा

दिव्यांचे चार्जिंग मोबाइलच्या चार्जरशेजारी ठेवावे आणि त्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवून टाकावा. बाहेर पडताना मागचा दिवा लागला की नाही हे स्वतःला दिसत नाही, तेव्हा लिफ्टच्या स्टीलच्या दारात किंवा फाटकाशेजारच्या भिंतीवर पडणाऱ्या लाल उजेडात ते पाहून घ्यायची सवय लावावी. दोन दिवे असल्याचा एक फायदा असाही की एक वाटेत संपला तरी दुसरा घरापर्यंत आणतो. पावसाळ्यात पट्ट्यांवर चिखलाची साय धरते आणि त्यांचा उजेड निम्म्यावर येतो, म्हणून त्या दिवसांत ओल्या फडक्याने दर दोन-तीन दिवसांनी पुसाव्यात. चाकांवरचे तुकडे सर्वांत आधी झिजतात. दिवाळीच्या साफसफाईत खुर्ची धुऊन, वाळवून ते दरवर्षी नवे लावावेत, कारण उन्हाने फिकी पडलेली पट्टी दिवसा चांगली दिसत राहते आणि तिची झीज फक्त टॉर्च डोळ्याशेजारी धरला तरच कळते.